मशीद बंदरच्या जुन्या वखारीचं पुढे काय? हरकती-सूचनांना महिनाच आहे

मांडवीकर :
नमस्कार. आठ-नऊ वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मशीद बंदर स्टेशनच्या पूर्वेला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुमजली दगडी वखार आहे. सुनावणी व्हायची आहे म्हणून नाव लिहीत नाही. कुणी ओळखलीत तरी इथे लिहू नका, ही विनंती. वारसा यादीत ती श्रेणी दोन-अ मध्ये आहे. काळ्या दगडाच्या भिंती, आत ओतीव लोखंडाचे खांब, वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलं. तळमजला अजून अर्धा चालतो, बारदान-सुतळीचा माल असतो. वरचा मजला गळतो म्हणून कुलूपबंद आहे.

माझे वडील या वखारीत माथाडी होते. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायचे. दाराचा दगडी उंबरा हातगाड्यांच्या चाकांनी दोन जागी इतका झिजलाय की पावसाळ्यात त्या खाचांत पाणी साठतं. बाबा काम संपवून निघताना त्या पाण्यात पाय बुडवायचे, पंचाने पुसायचे आणि मग चपला घालायचे. खाचा अजून तशाच आहेत. परवा मुद्दाम जाऊन हात फिरवून आले.

आता मुद्द्याचं. श्रेणी दोन-अ ची तीन करण्याच्या प्रस्तावाची नोटीस निघाली आहे. मालकांच्या वास्तुविशारदांनी गल्लीतल्या लोकांना नकाशेही दाखवले. रस्त्याकडची भिंत ठेवायची, मागचं सगळं उतरवायचं, तिथे बावीस मजली टॉवर आणि भिंतीच्या आड दुकानं. नकाशे दाखवणारी मुलं चांगली होती, नीट उत्तरं देत होती. मी विचारलं, "खांबांचं काय?" तर म्हणाली, "दोन-तीन लॉबीत शोभेला ठेवू."

मला हरकत लिहायची आहे. नुसतं "पाडू नका" लिहून भागणार नाही, हे कळतं. पाडायचं नाही तर काय करायचं, हेही सांगावं लागेल. अशा वखारीत नवं काय नांदू शकतं? आणि सूचना कशी लिहावी, म्हणजे ती वाचली जाईल?

सातबारा :
ताई, आधी एक तपासा. जमीन पोर्टाची तर नाही ना? पोर्टाच्या बऱ्याच जागेसाठी २०१८ पासून पोर्टच विशेष नियोजन प्राधिकरण आहे. तसं असेल तर सगळा रस्ताच वेगळा.

मांडवीकर :
नाही, गोदीच्या भिंतीबाहेरची आहे. खाजगी मालकी. नोटीस महापालिकेचीच आहे.

गोदीचा_पोऱ्या :
धाग्याला शुभेच्छा. उंबऱ्याचा फोटो टाका ना ताई.

सातबारा :
मग ठीक. श्रेणी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळा डाव तिथेच आहे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची, देशातली पहिली. श्रेणी एकच्या वास्तूला आतून-बाहेरून हात लावायचा नाही, लावला तर तिचं आयुष्य वाढवण्यापुरताच. दोन-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे चालतो, बाहेरच्या बदलांची मात्र छाननी होते. दोन-ब मध्ये त्याच भूखंडावर जोडबांधकामही होऊ शकतं, पण उंची आणि दर्शनी भाग मूळ इमारतीशी जुळले पाहिजेत. तीनमध्ये आतले, बाहेरचे दोन्ही बदल साधारणपणे मान्य होतात.

म्हणजे तुमच्या वखारीत आज शाळा काढा, ग्रंथालय काढा, कचेरी काढा, दोन-अ आडवी येत नाही. आडवी येते ती फक्त बावीस मजल्यांना. श्रेणी उतरवण्याचं कारण नवा वापर नाही, टॉवर आहे, हे पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहा.

श्रेणी बदलणं हा नियमावलीतला फेरबदल असल्याने एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याचं कलम ३७ लागतं. नोटिशीपासून महिन्याच्या आत लेखी पाठवा, शिक्का मारलेली पोच घ्या आणि "सुनावणीत प्रत्यक्ष म्हणणं मांडण्याची संधी मिळावी" हे वाक्य न विसरता घाला. शंभर जणांनी एकच छापील मजकूर सही करून दिला तर तो एक मुद्दा म्हणून मोजला जातो. दहा जणांनी दहा वेगळे मुद्दे द्या.

दुसरा_मजला :
मी त्याच गल्लीत राहतो, वखारीला लागून असलेल्या चाळीत. मांडवीकर ताई मला ओळखत असतील, नसतील. मला वेगळं बोलायचं आहे.

आमची खोली एकशे ऐंशी फुटांची, माणसं सहा. मजल्यावर संडास दोन आणि बिऱ्हाडं चौदा. पावसाळ्यात जिना धरून चालावं लागतं. वखारीच्या पन्हळीत पिंपळ उगवलाय, त्याचं सगळं पाणी आमच्या भिंतीत मुरतं. गेल्या जुलैत आईच्या अंथरुणावर गिलावा पडला, ती नशिबाने मोरीत होती. वारसा वारसा म्हणणारे लोक कॅमेरे घेऊन येतात, दाराचे फोटो काढतात आणि जातात. टॉवर होईल तेव्हा निदान गटार नवं होईल, रस्ता होईल, असं आमच्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. त्यांना तुम्ही काय सांगणार?

मांडवीकर :
दादा, ओळखते. तुमच्या आई आणि माझी आई एकाच नळावर पाणी भरायच्या. तुमचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, कारण ते खरं आहे. तुमच्या गटाराचा आणि पन्हळीचा मुद्दा माझ्या अर्जात घ्यायला हवा, तो मला सुचलाच नव्हता. तुम्हीच सांगा, त्या जागेत काय झालं तर चाळीला उपयोग होईल?

दुसरा_मजला :
मुलांना अभ्यासाला जागा. माझी मुलगी दहावीला आहे, रात्री जिन्यात बसते. आणि बायका कामाला जातात, लहान मुलं सांभाळायची सोय नाही. विचारलंत म्हणून सांगितलं.

चुनेवाला :
जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आयुष्य गेलं, त्यामुळे दोन शब्द.

दादा, पिंपळ उपटू नका. आधी हे वाचा, मग बाकीचं. ओढून काढला तर मुळं दगड घेऊन बाहेर येतात आणि भिंत फुटते. फांद्या छाटायच्या, खोड भिंतीलगत कापायचं, कापल्या जागी औषध लावून मूळ आतच मरू द्यायचं आणि मग चुन्याने सांधा भरायचा. उरलं मूळ पुन्हा फुटतं, म्हणून वर्षभर नजर ठेवायची.

आणि सिमेंट लावू देऊ नका. जुनी दगडी भिंत चुन्यात बांधलेली असते, ती ओल घेते आणि सोडते. वर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, भिंतीला लोणा लागतो, सांध्यांतला चुना भुसा होऊन गळतो. मग कुणीतरी येऊन म्हणतं, भिंत कमजोर आहे, पाडा. भिंत कमजोर नसते, तिला श्वास घेऊ दिलेला नसतो. तुमच्या आईच्या डोक्यावरचा गिलावा सिमेंटचा होता का, बघून सांगा.

दुसरा_मजला :
हो. तीन वर्षांपूर्वीच मारला होता. टणटणीत होता, म्हणून आम्ही खूश होतो.

शुभा_गिरगाव :
चुन्यात गूळ आणि अंडी घालतात ना? आमच्या आजोबांकडून ऐकलंय.

चुनेवाला :
गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, कुठे उडीद, हे सगळं वापरात होतं. अंड्यांचं सगळे सांगतात, मी चाळीस वर्षांत एकदाही घातलं नाही. खरी मेहनत घाणीची. विटांची सुरखी आणि चुना दगडी चाकाखाली मळत राहायचा, लोण्यासारखा होईपर्यंत. घाई केली की चुना नासतो. माझे वस्ताद बोटावर घेऊन ओठाला लावून बघायचे.

पेठेतला :
वस्तादांनी ओठाला लावला म्हणजे पुढे विडाही झाला असेल.

चुनेवाला :
विड्याचा चुना वेगळा हो. पण पान मात्र रोज असायचं.

निळी_कमान :
मी दुसरी बाजू मांडते. राग मानू नका.

काळबादेवीला एका जुन्या इमारतीत आमच्या कुटुंबाचा हिस्सा आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने गोठवलेली भाडी. काही दुकानांचं महिन्याचं भाडं दीडशे रुपये, तिथल्याच एका कपाटाची किंमत लाखात. वारसा यादीत नाव आहे, म्हणजे दुरुस्तीला चार ठिकाणच्या परवानग्या आणि सागवान, चुना, कुशल कारागीर यांचा खर्च. गेल्या खेपेला फक्त जिन्याच्या कठड्याला आमची वर्षाची भाडी गेली. मालक हा कायम खलनायकच असतो, असं धरून कृपया लिहू नका. वखारीचा मालकही कदाचित दहा भावंडांचा गोतावळा असेल. पैसा कुठून येणार, हे लिहिल्याशिवाय तुमचा अर्ज अपुरा आहे.

सातबारा :
निळी कमान ताईंचा मुद्दा रास्त आहे, आणि याला नियमावलीत उत्तर आहे. वारसा असल्यामुळे मालकाचा जो बांधकामाचा हक्क बुडतो, त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, मिळण्याची तरतूद १९९५ पासूनच आहे. तो दुसरीकडे विकता येतो. म्हणून अर्जात थेट मागणी करा: श्रेणी दोन-अ कायम ठेवावी, मालकाला टीडीआर मिळावा, आणि त्या पैशाचा ठरावीक भाग आधी छपरावर खर्च झाल्याशिवाय पुढचा भाग सुटू नये. मालक बुडत नाही, वखारही बुडत नाही.

गिरणगावची_लेक :
शब्दांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. मी लालबागची, घरात बापाने १८ जानेवारी १९८२ पासूनचा संप काढलेला.

गिरण्यांच्या जमिनीचा नियम १९९१ चा. ढोबळमानाने तीन वाटे, एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, म्हणजे ज्या जमिनीवर बांधकाम नाही तेवढीच, असं ठरलं. दोन शब्दांनी शहराचा हिस्सा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो अर्थ टिकला. आमच्याकडे लोक तेव्हा म्हणत होते, सरकारी कागद आहे, ठीकच असेल.

म्हणून तुमच्या नकाशावर "दर्शनी भाग जतन" लिहिलं असेल तर विचारा: दर्शनी भाग म्हणजे किती फूट खोल? फक्त भिंत, की पहिल्या खांबरांगेपर्यंत? छप्पर त्यात येतं का? उंबरा येतो का?

मांडवीकर :
ताई, हे वाचून अंगावर काटा आला. नकाशात "दर्शनी भाग" एवढंच लिहिलंय, खोली कुठेच नाही. उद्याच लेखी विचारते.

लाटेवर :
सध्या लिव्हरपूलला आहे, म्हणून इथलं सांगतो. अल्बर्ट डॉकच्या वखारी १८४६ च्या. वीट, लोखंड आणि दगड. आग लागू नये म्हणून बांधणीत लाकूडच घेतलं नाही. १९७२ मध्ये गोदी बंद पडली, आत गाळ भरला, पाडायची भाषा बरीच वर्षं चालली. शेवटी १९८८ मध्ये नव्याने उघडली. आत कलासंग्रहालय आलं, सागरी संग्रहालय आलं, घरं आली, दुकानं आली. मला सगळ्यात आवडतं ते हे की तळमजल्याचे जाड लोखंडी खांब आहेत तिथेच आहेत आणि लोक त्यांच्यामधून चालतात. पण याच शहराने शेजारच्या किनाऱ्यावर नवी बांधकामं होऊ दिली आणि २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतून शहराचं नाव गेलं. एक इमारत वाचवली आणि भोवतालचं सोडलं, तर काय होतं ते रोज बघतो.

शुभा_गिरगाव :
लांब कशाला, ससून डॉक घ्या. १८७५ ची गोदी. २०१७ मध्ये तिथल्या जुन्या वखारीत कलेचं प्रदर्शन भरलं होतं. मी दोनदा गेले. बाहेर कोळीणी कोळंबी सोलत बसलेल्या, आत भिंतींवर त्यांचीच मोठाली चित्रं. एक मावशी आपला फोटो दाखवायला नातवाला घेऊन आली होती. काम बंद न पाडता वखारीत नवं काही होऊ शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गोदीचा_पोऱ्या :
आणि वास! आमच्या हिने नाकाला पदर लावून अख्खं प्रदर्शन पाहिलं आणि घरी येताना दोन किलो बांगडे घेतले.

भाऊचा_धक्का :
गोदीचा विषय निघालाच आहे तर. माझी आजी डोंगरीला होती. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, दुपारी चारच्या सुमाराला. जहाजात चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं, त्यांच्याच जवळ कापसाच्या गाठी, शिवाय सोन्याच्या विटा. कापूस आधी धुमसला. आजी सांगायची, पहिल्या आवाजाला फडताळातली भांडी खाली आली आणि दुसऱ्याला फडताळच आलं. गिरगावात एका पारशी गृहस्थांच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट पडली होती. आग विझवताना ६६ जवान गेले. दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांच्यासाठी.

मांडवीकर, तुमची वखार त्यातून वाचली असेल तर दगडांवर काही खुणा आहेत का बघा.

बंब_३१ :
अग्निशमन दलात होतो, आता निवृत्त. भाऊचा धक्का यांनी आमच्या माणसांची आठवण काढली, बरं वाटलं.

वखारीत काय भरावं यावर सगळे बोलताय, बाहेर कसं पडणार यावर कुणीच नाही. ओतीव लोखंडाचा खांब वजन झकास पेलतो, पण तापल्यावर त्यावर एकदम गार पाणी बसलं तर तडकू शकतो, आणि तो तडकला की वरचा मजला खाली येतो. जाड सागवान उलट धीराने जळतं, बाहेर कोळशाचा थर बसतो आणि आतलं लाकूड काही काळ ताकद धरून राहतं. पण लाकडावर तेलरंगाचे थर आणि खाली प्लायवूडची पार्टिशनं असली की तो हिशेब उरत नाही.

२९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली, १४ माणसं गेली. गिरणीची जागा, नवा वापर, गर्दी, आणि निघायची वाट अपुरी. म्हणून माझी सूचना लिहून घ्या: वरच्या मजल्याला दोन टोकांना दोन स्वतंत्र जिने, त्यातला एक मागच्या अंगणात बाहेरून, म्हणजे जुन्या भिंतीला धक्का नाही. पाण्याची टाकी जमिनीखाली. गल्लीत बंब वळतो का, हे कागदावर नको, बंब आणून बघा. आणि वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, हुक्का, गच्चीवर मांडव, काही नको.

कैची :
मी संरचना अभियंता आहे. भाराबद्दल लिहिते, कारण वखारीची खरी श्रीमंती तिथे आहे आणि कुणाला दिसत नाही.

आजच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, राहत्या खोलीच्या जमिनीला चौरस मीटरला २ किलोन्यूटन धरतात. गोदामाला किमान ७.५, आणि माल उंच रचला तर त्याहून जास्त. जुनी वखार हे मानक येण्याआधीची आहे, पण ती गाठींच्या थप्प्यांसाठीच बांधलेली आहे. त्यामुळे ग्रंथालयाची कपाटं, दप्तरखाना, कार्यशाळा, असे जड वापर तिच्या अंगाला बसतात. घरांसाठी तिच्यात भिंती घालून खोल्या पाडणं म्हणजे तो लांबरुंद सलग मजला वाया घालवणं.

पण हे सगळं तुळया शाबूत असतील तर. सागवानी तुळईचं मधलं अंग शंभर वर्षं टिकतं आणि भिंतीत शिरलेलं टोक कुजतं, कारण भिंत ओली असते. बाहेरून काही दिसत नाही. टोच्या मारून बघावं लागतं, शंका असेल तिथे बारीक भोक पाडून लाकडाचा रोध मोजणारं यंत्र असतं ते लावतात. कुजलं असेल तर टोकच कापून नवं सागवान जोडता येतं, अख्खी तुळई फेकायची गरज नसते. दोन पानी अहवालात "इमारत धोकादायक" असं लिहून आलं तर विचारा: कुठल्या तुळईचं कुठलं टोक?

टॉवरबद्दल एक. मशीद बंदरच्या पूर्वेला पुष्कळ जमीन भरावाची आहे. जुनी भिंत उभी ठेवून तिच्यामागे दोन मजले खोल खणायचं, तर पाणी उपसावं लागेल. उपशाने आजूबाजूची जमीन बसते. वखारीची एकटी भिंत पोलादी सांगाड्याने धरता येईल, पण दुसरा मजला यांच्या चाळीला कोण धरणार? हा प्रश्न वारशाचा नाही, सुरक्षेचा आहे, आणि माझ्या मते अर्जातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच.

दुसरा_मजला :
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नकाशात पार्किंग जमिनीखाली दोन मजले आहे. आज रात्री चाळीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवतो.

पेठेतला :
पार्किंग हवंच ना पण? बावीस मजल्यांच्या गाड्या गल्लीत लागणार का?

कैची :
म्हणूनच बावीस मजले त्या गल्लीत बसत नाहीत.

माथाडीपुत्र :
मांडवीकर ताई, माझेही वडील माथाडी, भात बाजारात. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. या वखारी रिकाम्या का पडल्या? कांदा-बटाटा वाशीला गेला, मग मसाला गेला, धान्य गेलं. माणसं पहाटेची लोकल धरून मालामागे गेली. १९६९ चा माथाडी कायदा झाला तो अण्णासाहेब पाटलांनी याच बाजारांतल्या माणसांना उभं करून. त्याआधी मुकादम देईल ती वाराई, म्हणजे हमालीची मजुरी. हजेरी नाही, दवाखाना नाही, फंड नाही. ज्या माणसांच्या पाठीवर हे शहर चढलं त्यांची आठवण म्हणून मुंबईत काय आहे? वखारीत ग्रंथालय करा, पाळणाघर करा, सगळं करा. पण एक खण त्यांच्यासाठी ठेवा. हूक, गोणपाटाची खोळ, टोळीची हजेरीवही. माझ्याकडे वडिलांचा हूक आहे, मूठ घामाने काळी पडलेली. द्यायला तयार आहे.

मांडवीकर :
माथाडीपुत्र, बाबांचा हूक आमच्याकडेही होता. घर बदलताना भंगारात गेला. त्याची खंत अजून आहे.

शुभा_गिरगाव :
भाऊ दाजी लाड संग्रहालयाची दुरुस्ती झाली तेव्हा लोकांना वाटत होतं, राणीच्या बागेत कोण बघायला येणार. २००५ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-प्रशांतचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. भायखळा स्टेशनलाही २०२२ मध्ये युनेस्कोच्या त्याच पुरस्कारांतला 'अवॉर्ड ऑफ मेरिट' मिळाला, आणि तिथे तर रोज लोकल थांबते. वापरात असलेली जागा नीट होऊ शकते.

गोदीचा_पोऱ्या :
उंबऱ्याचा फोटो अजून आला नाही.

मांडवीकर :
मंडळी, दहा दिवसांनी येतेय. फोटो टाकलाय, वरच्या पोस्टमध्ये जोडलाय.

रविवारी मालकांच्या मुनीमजींनी वरचा मजला उघडून दिला. मी, चुनेवाला काका, कैची ताई, दुसरा मजला दादा आणि त्यांची मुलगी, असे गेलो. काका जिन्यावरच थांबले आणि म्हणाले, आधी नाकाने बघा. खरंच, पश्चिमेकडून कुबट वास येत होता आणि पूर्वेकडून नुसता जुन्या सागवानाचा. कैची ताईंनी टोच्याने एकोणीस टोकं तपासली. चार गेली आहेत, चारही पन्हळीखालची. बाकी पंधरांत टोच्या शिरला नाही. वर कौलं पडलीत ती साधारण दीड खणात. आढं सरळ आहे.

खांबांवर पांढऱ्या रंगात आकडे आहेत, एकापासून चोविसापर्यंत. मला ते कधीच दिसले नव्हते, कारण वर जायची परवानगी नसायची. मुनीमजी म्हणाले, कुठल्या खांबापाशी कुणाचा माल, ते यावरून सांगायचे. बाबा घरी जेवताना "आज सतराला होतो" असं म्हणायचे आणि आम्हा भावंडांना ते बसचा नंबर वाटायचा. सतराव्या खांबाला टेकून थोडा वेळ उभी राहिले. दादांच्या मुलीने तेवढ्यात दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि म्हणाली, इथे तीन बाकं बसतील.

अर्जात जे लिहिलंय ते थोडक्यात देते, कुणाला वेगळा मुद्दा उचलायचा असेल तर घ्या. श्रेणी दोन-अ कायम ठेवावी, कारण नव्या वापराला ती अडवत नाही. "दर्शनी भाग" याचा अर्थ चारही भिंती, खांब, छप्पर आणि उंबरा असा लिहून द्यावा. लगतच्या चाळीची पाहणी झाल्याशिवाय खोदकामाला परवानगी नको. टीडीआरचा पैसा आधी पन्हळ, कौलं आणि ती चार टोकं यांवर खर्च व्हावा. तळमजल्यावर चालू असलेल्या गाळेधारकांना तिथेच ठेवावं, उरलेल्या जागेत पाळणाघर. वर रात्री अकरापर्यंत अभ्यासिका आणि ग्रंथालय, सतरा ते वीस हे चार खण माथाडींच्या वस्तू आणि कागदपत्रांसाठी. दोन जिने, बंब ३१ काकांनी सांगितले तसे. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर नको.

निळी कमान ताई, मालकांना भेटलेही. चार भाऊ आहेत. थोरल्यांनी टीडीआरचा कागद ठेवून घेतला आणि वकिलांना विचारून सांगतो म्हणाले. नाही म्हणाले नाहीत.

निळी_कमान :
भेटलीस हे फार बरं केलंस. त्यांना भाडेकरूंशी नव्या कराराचा मसुदा लागेल. आमच्याकडे एक आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

सातबारा :
पोच घेतलीत ना?

मांडवीकर :
घेतली. सही-शिक्क्यासह. चाळीतून आणखी चौदा अर्ज गेले, प्रत्येक बिऱ्हाडाचा वेगळा. सुनावणीची तारीख यायची आहे.

बंब_३१ :
तारीख आली की इथे टाका. मी येतो.

दुसरा_मजला :
आज सकाळी पिंपळ कापला. मालकांनी शिडी आणि माणूस दिला, चुनेवाला काका खाली उभे राहून सांगत होते. खोड मनगटाएवढं होतं. औषध लावून सांधा चुन्याने भरला. पन्हळीतून दोन घमेली माती आणि एक क्रिकेटचा बॉल निघाला, तो आमच्या मजल्यावरच्या पोरांचा, तीन वर्षांपूर्वीचा. आईच्या खोलीच्या भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवलीय. पाऊस आला की रेघेच्या वर ओल चढते का, ते लिहितो.